मधुमालतीतलं बिऱ्हाड

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मिरजेच्या घरी, फाटकावरच्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलांनी घरटं विणलं. चहाच्या कपाएवढी वाटी, आत तीन अंडी, गुलाबीसर, वर तांबूस ठिपके. माझ्याकडे जंगलात लावतात तसला, समोर काही हललं की आपोआप चित्रण करणारा ट्रॅप कॅमेरा पडून होता. म्हटलं, लावून टाकू.

हे कॅमेरे बिबट्या-रानडुकरांसाठी बनवलेले, जवळचं सगळं धूसर. लांब, खांबावर लावला तर संध्याकाळी कार्डात साडेआठशे क्लिप्स, त्यात बुलबुल एकवीस. बाकी सगळी हलणारी पानं! (सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो, उन्हात तापलेलं पान डोललं तरी त्याला पुरतं.)

अंड्यांवर बसलेले असताना त्रास दिला तर पक्षी घरटं सोडतात, म्हणून १७ तारखेला पिल्लं निघेपर्यंत जवळ गेलो नाही. मग बाबांच्या जुन्या चाळिशीची दोन नंबरची काच कॅमेऱ्यापुढे चिकटवली आणि तो अर्ध्या मीटरवर बांधला. चार मिनिटांत काम उरकून खिडकीत उभा राहिलो. अकराव्या मिनिटाला एक बुलबुल चोचीत अळी घेऊन आला. नसता आला तर सगळं उतरवणार होतो.

दिवसभरात क्लिप शून्य. काच सेन्सरवरही आली होती, आणि अंगाची उष्णता काचेतून पलीकडे जात नाही! काच लेन्सपुरतीच ठेवली, कॅमेऱ्याचे रात्रीचे दिवे चिकटपट्टीनं झाकले, तेव्हा कुठे चित्र आलं.

मध्ये एक गाढवपणा केला. आड येणारी दोन पानं खुडली. आई म्हणाली, "अरे, त्यांचं दार काढलंस की!" दुसऱ्या दिवशी कुंपणावर कावळा. पळत जाऊन शेजारची फांदी सुतळीनं ओढून घरट्यापुढे बांधली.

दुपारी ३९ अंशांत एक जण पंख अर्धे पसरून पिल्लांवर सावली धरून उभा, चोच उघडी. नर की मादी, सांगता येत नाही. दोघं दिसायला सारखेच. घास मिळाला की पिल्लू ढुंगण वर करून शीची पांढरी पिशवी सोडतं, मोठा ती अलगद चोचीत धरतो आणि गिळतो. ही क्लिप बघून आईनं चहाचा कप खाली ठेवला.

२९ तारखेला सकाळी दोन्ही पिल्लं उडाली. त्याची क्लिप नाही. सेन्सर जागा झाला तेव्हा वाटीत उरलं होतं तिसरं, न फुटलेलं अंडं.