कागदोपत्री अविवाहित

रविवार, २९ मार्च २०२६

आर्थिक वर्ष संपायला दोन दिवस उरले असताना, आज दुपारी जेवणे आटोपल्यावर, आम्ही दोघांनी कपाटाच्या खालच्या खणातल्या सगळ्या फायली, पासबुके आणि ठेवींच्या पावत्या दिवाणावर मांडल्या. तीस वर्षांच्या संसारात असे आम्ही प्रथमच बसलो. दूध, किराणा, भाजी यांचा हिशेब माझ्या वहीत आणि ठेवी, विमा, कर हा ह्यांचा प्रांत, ही वाटणी कोणी ठरवून केलेली नव्हती. पावत्या कुठे ठेवल्या आहेत हे मला ठाऊक होते. त्या कितीच्या आहेत हे मी कधी विचारले नव्हते.

सुरुवात ह्यांच्या पगाराच्या खात्यापासून झाली. खाते १९९० सालचे, नोकरी लागली तेव्हाचे. नामनिर्देशनाच्या ओळीत सासूबाईंचे नाव. त्यांना जाऊन पंधरा वर्षे होतील, पण दर वेळी नवे पासबुक देताना शाखेने इमानेइतबारे तेच नाव पुन्हा छापले होते. चारपैकी तीन मुदत ठेवींनाही तेच नाव. लग्न झाले म्हणून किंवा नामनिर्देशित व्यक्ती वारली म्हणून बँक आपण होऊन काही बदलत नाही. अर्ज खातेदारालाच करावा लागतो. "तुझं नाव घालायचं राहूनच गेलं गं," एवढेच हे म्हणाले. मला राग आला नाही असे लिहिणे खोटेपणाचे होईल.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांची नावे लावता येतात आणि ती एकाच वेळी लावायची तर प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत द्यावा लागतो, हे कळताच ह्यांनी माझी आणि दोन्ही मुलांची टक्केवारी मांडायला घेतली. मी थांबवले. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून पैसे स्वीकारते, मालकी मात्र वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते, आणि मृत्युपत्र आम्ही दोघांनीही केलेले नाही. ते काम पुढच्या रविवारचे. पगाराचे खाते तेवढे दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचे करायचे ठरले.

पतसंस्थेतली दोन लाखांची ठेव मला आजच कळली. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी ठेवली म्हणे. बँकेतल्या ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण पतसंस्थेला लागू नसते, हे मी बोलून दाखवल्यावर ह्यांनी पावती उलटी करून ठेवली.

मग माझी पाळी आली. फायलींच्या तळाशी एक चिंधीसारखे झालेले पासबुक निघाले. लग्नाआधी मी मिरजेत एका शाळेत शिकवत होते, तेव्हाचे. शेवटची नोंद नोव्हेंबर १९९५ ची, शिल्लक ३,११२ रुपये. खातेदाराने दोन वर्षे व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. हक्क मात्र संपत नाही, मागणी आपल्याच बँकेकडे करायची असते. मुलाने फोनवरून रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' हे संकेतस्थळ सांगितले. तिथे नाव टाकायचे होते. सवयीने आजचे नाव लिहू लागले आणि थांबले. लग्नात ह्यांनी ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने माझे नवे नाव लिहिले, तेव्हापासून पहिले, मधले आणि आडनाव, तिन्ही बदलली. जुने नाव लिहिताना मधले अक्षर चुकले. दुसऱ्या खेपेस खाते सापडले, संदर्भ क्रमांकही मिळाला.

आता नावातला बदल सिद्ध करायचा तर विवाह नोंदणीचा दाखला हवा किंवा राजपत्रातली नोंद. आमच्याकडे दोन्ही नाही. लग्नाची नोंदणी तेव्हा केली नाही आणि पुढे शिधापत्रिकेवर सगळे भागत गेले. म्हणजे ह्यांच्या खात्यात मी नाही, माझ्या खात्यात हे नाहीत, आणि सरकारदरबारी तर आमचे लग्नच झालेले नाही.

"मग तीस वर्षं घरखर्चाचे पैसे मी दिले कुणाला?" हे म्हणाले.

विवाह नोंदणी उशिरा का होईना, करता येते. लग्नपत्रिका संध्याकाळी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली; तिच्यावर माझे मिरजेचे नाव आहे. साक्षीदार तीन लागतात. माझा धाकटा भाऊ येईल. ह्यांच्या मामेभावाला उद्या फोन करायचा आहे. तिसरा अजून सुचलेला नाही. मंडपात होती आणि आज प्रवास करू शकतील, अशी माणसे मोजायला घेतली तर बोटे उरतात.