पै-पाव्हण्यांच्या दारात मोटरहोम: निपाणी, बेळगाव, खानापूर

कागल मागे पडून कोगनोळीचा टोलनाका ओलांडला, तरी कर्नाटक लागल्याचं पाट्यांवरूनच कळतं. ऊस तोच आणि टपरीवरची बोलीही तीच. निपाणी, बेळगाव, खानापूर आणि शेवटी गोकाक अशी आमची फेरी होती. मुक्काम पाव्हण्यांच्या दारात आणि झोप गाडीत. ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर बांधलेली ही गाडी म्हणजे मोटरहोम, चाकांवरचं घर. ती साडेसहा मीटर लांब आणि जवळपास तीन मीटर उंच आहे. हायवेवर तिचं काही अडत नाही. अडतं ते गल्लीत.

म्हणून फोनवर "कधी येऊ" विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. दारापर्यंत उसाची भरलेली ट्रॉली येते का? वाटेत विजेच्या वायरी कुठं लोंबतात? घरात सोळा अँपिअरचा पॉवर प्लग आहे का? ट्रॉली जिथून जाते तिथून मोटरहोम जातं, हे माप टेपपेक्षा भरवशाचं. वायर आडवी आली की कुणीतरी बांबू घेऊन पुढं येतोच. त्याला नको म्हणा. उन्हापावसानं जुन्या वायरीचं आवरण तडकलेलं असतं, आणि आपलं टप पत्र्याचं.

चौथी गोष्ट फोनवरच सांगून टाकायची: जेवण तुमच्याकडं, झोप गाडीत. दारात उभं राहून हे सांगितलं तर मावशी रुसते. "घर असताना गाडीत झोपताय व्हय?" याला उत्तर नसतं. अंघोळ मात्र घरातच करावी. चुलीवरच्या हंड्यातलं पाणी मिळतं आणि आपली टाकी वाचते. शंभर लिटरची टाकी दोघांना अंघोळीसकट दीड दिवस पुरते. अंघोळ घरात केली तर तीन दिवस निघतात. बोअरचं पाणी भरताना नळीच्या तोंडाला गाळणी लावा. खाली बसलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो आणि नळाला धार येत नाही.

वीज घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर एसी लावला की आधी प्लग गरम होतो, मग घराचा फ्यूज जातो आणि टीव्ही बघत बसलेलं घर अंधारात. पॉवर प्लगमधून, अडीच चौरस मिलिमीटरच्या तीन तारांच्या केबलनं वीज घ्या. पंचवीस मीटर पुरते. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, पूर्ण उलगडा. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, तेव्हा तीन दिव्यांचा टेस्टर जवळ ठेवा. अर्थिंग नसेल तर जोडूच नका, बॅटरीवर भागवा. आमची बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी साधारण अडीच हजार वॅट-तास देते. फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप यांना दिवसाला हजाराच्या आसपास लागतात. एसी लावला तर तीच बॅटरी दोन-तीन तासांत रिकामी होते. पावसाळ्यात खानापूर भागात सोलरवर विसंबू नका, तिथलं आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही.

गाडीतल्या शौचालयाची वीस लिटरची कॅसेट, म्हणजे मैला साठवायची काढता येणारी टाकी, पाव्हण्यांच्या संडासात ओतायची तर आधी विचारा आणि कॅसेटमध्ये वास मारायला घालतात ते निळं रसायन वापरू नका. फॉर्मल्डिहाइडचं औषध सेप्टिक टाकीतले जीवाणू मारतं. मग टाकी वास मारते आणि बोल आपल्याला लागतो. जीवाणूंचीच पावडर मिळते, ती घ्या.

बेळगावात गाडी टिळकवाडीकडच्या रुंद रस्त्यांवर किंवा शहराबाहेर ठेवून रिक्षानं फिरावं. गणपत गल्ली, खडेबाजार इथं नेण्यात अर्थ नाही. किल्ल्यातली कमल बस्ती अजिबात चुकवू नका. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचीराज यानं १२०४ साली हे जैन मंदिर बांधलं. मंडपाच्या छतात ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ आहे. खाली उभं राहून वर बघताना मान अवघडते, पण पाकळ्या मोजल्याशिवाय राहवत नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर पाव्हण्यांची स्कूटर घेऊन जा.

तारखा मात्र सांभाळा. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिन, आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिन. त्या दिवशी महाराष्ट्राच्या नंबराची मोठी गाडी शहरातून फिरवू नये. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा सुवर्णसौध या इथल्या विधानभवनाच्या बाजूला बंदोबस्त असतो. भाड्याची, पिवळ्या पाटीची गाडी असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट मालकाकडून आधी बघून घ्या.

खानापूरकडं वळलं की जमीन तांबडी होते आणि मुक्काम सोपा होतो. जांभ्यावर पाऊस झिरपतो, चाक रुतत नाही. गोकाक, सौंदत्तीच्या बाजूला काळी माती. तिथं एक सर आली की मागच्या जोड टायरांमधली फट चिखलानं भरते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. आम्ही दोन जाड फळ्या कायम बरोबर ठेवतो, आणि काळ्या रानात डांबराची कडा सोडून गाडी उभी करत नाही.

खानापुरापासून चौदा किलोमीटरवर हलशी. कदंबांच्या काळातली ही पलाशिका. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, वराह आणि नरसिंह एकमेकांकडं तोंड करून. देवळाशेजारच्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी गावाबाहेर ठेवून चालत जावं. असोग्याला मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वर आहे. तिथं लोक अंघोळीला येतात, तेव्हा भांड्यांचं सांडपाणी तिथं सोडायचं नाही.

गोकाकला मराठी कमी होत जाते. नीरु म्हणजे पाणी, दारी म्हणजे वाट, एडक्के डावीकडं, बलक्के उजवीकडं. एवढ्यावर बरंच निभतं. घटप्रभेचा धबधबा ५२ मीटर उंचीवरून पडतो. जुलै ते सप्टेंबर जा, उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. गळीत हंगामात या रस्त्यांवर अंधार पडल्यावर गाडी हाकू नका. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागचा दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना पसरलेला असतो.

परतीच्या वाटेवर तवंदी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर घ्या. बेळगावातून घेतलेला कुंदा खव्याचा असतो, फ्रिजमध्ये ठेवा. गोकाकचा करदंट डिंक-गुळाचा, बाहेर टिकतो. मांडे मात्र वरच्या कपाटात, पंच्यात गुंडाळून, त्यावर काही न ठेवता. पहिल्याच स्पीडब्रेकरला त्यांचा चुरा होतो.