कास ते सातारा : घाटात गाडी फिरल्यानंतरची तपासणी

सप्टेंबरच्या अखेरीस कासचे पठार पाहून साताऱ्याला परतताना, यवतेश्वर घाटातील एका वळणावर डोंगरावरून वाहून आलेल्या तांबड्या चिखलात आमच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारची मागची चाके घसरली आणि गाडी स्वतःभोवती फिरून डाव्या मागच्या चाकाने गटाराच्या दगडी कडेवर आदळली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही आणि रिमवरील बोटभर ओरखड्याशिवाय काही दिसत नव्हते, म्हणून मी गाडी हळूहळू चालवत पोवई नाक्यापर्यंत आणली. हे मी करायला नको होते. अशा वेळी चारही चाके उचलून नेणारी गाडीच बोलवावी.

सरळ रस्त्यावर गाडी सरळ धावत होती, मात्र स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागत होते. मागच्या एका चाकाचा कोन बिघडला की मागची बाजू गाडीला तिरके ढकलते आणि पुढची चाके त्याच रेषेत धरावी लागतात, त्यामुळे दोष पुढे असल्याचा भास होतो.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीतील गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेतली. मिस्त्रींनी बॅटरीचा झोत मागच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बोल्टवर धरला आणि म्हणाले, "साहेब, हा नट जागेवरून सरकलाय." जुन्या मळकट वॉशरशेजारी चंद्रकोरीएवढी चकचकीत लोखंडाची कड उघडी पडली होती. आर्मला आलेला बाक नुसत्या डोळ्यांना दिसला नाही. उजव्या बाजूच्या आर्मशी ताडून पाहिल्यावरच तो लक्षात आला.

म्हणून चाक काढून रिमची आतली कड आणि टायरची आतली भिंत अवश्य पाहावी, कारण फुगा बहुधा तिथेच येतो. चाक हाताने फिरवून बेअरिंगची घरघर ऐकावी, शॉकअपवर तेल ओघळले आहे का, ब्रेकचे पाइप दबले आहेत का आणि अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटले आहेत का, हेही तपासावे. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांच्या मोजणीचा, छापील अहवाल मागून डाव्या-उजव्या बाजूंचे आकडे ताडून पाहावेत.

विमा कंपनीला कळवून सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू नये आणि गाडी धुण्याआधीच खालून फोटो काढावेत. नवा आर्म बसवताना त्याच्या टोकांतील बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळून घ्यावेत. हवेत लटकत्या चाकावर आवळल्यास बुश पिळलेले राहून लवकर फाटते.