शाफ्ट जाड केला, पण स्टेपचा रेडियस?

शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरता दांडा, तुटला की पहिला उपाय सुचतो तो जाड करण्याचा. हिशेबही त्याच बाजूने बोलतो. २५ मिमीच्या भरीव शाफ्टवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क आला तर पृष्ठभागावर पिळाचा ताण ३२.६ मेगापास्कल येतो. व्यास ३० केला की तोच १८.९ वर उतरतो. वजन ४४ टक्के वाढतं, ताकद ७३ टक्के. ताकद व्यासाच्या घनाने वाढते म्हणून ही कमाई.

पण फिरता शाफ्ट सहसा सपाट भागात तुटतच नाही. तुटतो बेअरिंगच्या स्टेपपाशी, म्हणजे व्यास एकदम बदलतो तिथे, नाहीतर कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) टोकाशी. तुटलेला तुकडा उजेडात तिरका धरून बघा. कडेपासून आत सरकत गेलेल्या, शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतील आणि शेवटी खरबरीत भाग. हा खरबरीत भाग लहान असेल तर लोड जास्त नव्हता. कोपऱ्यातली भेग सावकाश वाढत गेली.

आता २० चा शाफ्ट ४० चा करा. बेअरिंग ६२०४ (२० मिमी भोकाचं) ऐवजी ६२०८ (४० मिमी भोकाचं) बसेल. व्यास दुप्पट झाला, पण बेअरिंगच्या कोपऱ्याची गोलाई १ मिमीवरून जेमतेम १.१ झाली. बेअरिंग खांद्याला (स्टेपच्या उभ्या बाजूला) नीट टेकायचं तर स्टेपचा रेडियस, म्हणजे तिच्या आतल्या कोपऱ्याची गोलाई, दोन्हीकडे १ मिमीच्या वर नेता येत नाही. म्हणजे रेडियस आणि व्यासाचं गुणोत्तर ०.०५ वरून ०.०२५ वर आलं, कोपऱ्यात ताण अधिक एकवटला आणि कागदावरच्या आठपट ताकदीतला काही वाटा तिथेच गेला. त्यात टर्नरने टोकाला फक्त ०.४ मिमी गोलाई असलेल्या कटिंग टूलने (इन्सर्टने) कोपरा सरळ मारला तर आणखी वाईट. ड्रॉइंगवर रेडियस आकड्यात लिहा आणि रेडियस गेजने तपासून घ्या, हे मी आग्रहाने सांगेन.

मोठा रेडियस हवाच असेल तर बेअरिंग आणि खांदा यांच्यामध्ये आतल्या कडेला मोठा चँफर (तिरका काप) दिलेली स्पेसर रिंग घाला. जागा नसेल तर खांद्याच्या आत शिरणारा गोल अंडरकट (खाच) द्या.

जाडीचे आणखी दोन तोटे आहेत. मोठ्या आकारमानात दोष सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून थकव्याच्या (वारंवार येणाऱ्या ताणाने तुटण्याच्या) हिशेबात ५० मिमीपर्यंत ०.८५ आणि त्यापुढे ०.७५ असा आकाराचा गुणक सर्रास धरतात. दुसरं, हार्डनिंग करताना जाड बारचा गाभा सावकाश थंड होतो आणि पुरेसा कडक होत नाही. टेबलमधली ताकद किती मिमीच्या सेक्शनसाठी दिली आहे, ते वाचूनच आकडा उचला.