चिखलदऱ्याचा घाट सायकलने: मोकळा रस्ता घड्याळात शोधायचा

आल्प्समधल्या सायकलवाल्यांना गाड्यांविना रस्ता बांधूनच मिळतो. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून निघून इटलीत ग्रादोला समुद्र गाठणारा आल्पे-आद्रिया मार्ग चारशे किमीहून थोडा जास्त आहे. इटलीत तार्विझियोच्या खाली तो बंद पडलेल्या रेल्वेच्या पट्ट्यावरून, जुन्या बोगद्यांतून आणि पुलांवरून उतरतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी, त्यामुळे आगगाडीला शंभर मीटरमागे दोन-अडीच मीटरपेक्षा जास्त चढ सहसा देत नाहीत. सामान लादलेल्या सायकलला नेमका तेवढाच चढ मानवतो. आपल्याकडे धूळघाटची मीटरगेज रेल्वेही बंद झाली, पण ती मेळघाटातल्या वाघांच्या मुलखातून जाते, तेव्हा तो विषय सोडा.

विदर्भात डोंगरातला मोकळा रस्ता नकाशात नाही, घड्याळात आणि कॅलेंडरात सापडतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायला दोन वाटा. घटांगवरून जाणारी धारणीकडच्या वाहतुकीची, तिच्यावर ट्रक आणि एसटी. दुसरी धामणगाव गढी आणि मोथ्यावरून, तीसेक किमीची. सायकलला हीच. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवारी-रविवारी तिच्यावरही अमरावती, अकोला, नागपूरच्या गाड्यांची रांग लागते आणि वळणावर सेल्फीवाले उभे असतात. मंगळवार ते गुरुवार निवडा, त्यातही आजूबाजूच्या गावचा आठवडी बाजार त्या दिवशी नाही ना, हे विचारून घ्या. बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी जीप वळण कापूनच येते. परतवाड्याहून उजाडताच निघालं की संत्र्याच्या बागांमधला सपाट पट्टा थंडाव्यात सरतो आणि पर्यटकांच्या गाड्या घाटाला लागण्याआधी आपण मोथ्याच्या आसपास असतो. त्याहून लवकर निघू नका. अंधारात अस्वल आणि रानगवा रस्त्यावर येतात, आणि सायकलचा आवाज होत नसल्याने त्यांना आपण अगदी जवळ गेल्यावरच कळतो. सफारीच्या कच्च्या वाटा वनविभागाच्या, तिकडे चाक वळवायचं नाही.

आता चढ. परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण 370 मीटरवर, चिखलदरा 1118 वर. म्हणजे साडेसातशे मीटर वर जायचं, आणि त्यातला बहुतेक भाग धामणगाव गढीनंतर. सरासरी चढ शंभराला चार, पण काही वळणं सहा-सातची. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला तेव्हा याच डोंगरातून तोफा ओढून नेल्या आणि वाटही स्वतःच तयार केली. आपल्याला निदान डांबर आहे.

गिअरचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. काळ्या स्टँडर्ड सायकलला पुढच्या चक्राला 44 दात, मागच्याला 18 आणि 28 इंची चाक धरलं, तर पेडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर जाते. शंभराला सहाच्या चढावर याचा अर्थ एका फेऱ्यात 33 सेंमी वर. एका फेऱ्यात दोन पाय मारले जातात, म्हणजे प्रत्येक पायागणिक जिन्याची एक पूर्ण पायरी, तीही सायकल आणि सामान मिळून पंचवीस किलोचं पोतं पाठीवर घेऊन. तालुक्याच्या गावात आता सहज मिळणाऱ्या 26 इंची गिअरच्या सायकलला पुढे 22 आणि मागे 32 असेल, तर एका फेऱ्यात सायकल 1.4 मीटरच जाते आणि साडेआठ सेंमी चढते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी पाच किमी, चालण्याएवढाच. पण गुडघा शाबूत राहतो. दुकानदार एकवीस गिअर, चोवीस गिअर असा आकडा सांगतो, तो निरुपयोगी. पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांचे दात स्वतः मोजा. पुढचं मागच्यापेक्षा लहान असेल तरच सामान घेऊन हा घाट चढायची ती सायकल. काळ्या सायकलवालाही जाऊ शकतो, तीव्र वळणावर उतरून ढकलायचं, त्यात कमीपणा नाही.

गिअर चढाच्या आधी टाका. जोर लावलेला असताना टाकला की चेनची पिन उघडते, आणि जंगलात चेन जोडायचं अवजार कुणाच्याच खिशात नसतं. निघण्याआधी सायकल उलटी करून मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर चेन टाका आणि पेडल हातानं जोरात फिरवा. चेन त्याच्याही पलीकडे आऱ्यांकडे झुकत असेल तर मागच्या डिरेलरवरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावरचा, ‘एल’ लिहिलेला स्क्रू पाव-पाव फेरा आवळा. हे घरी केलं नाही तर घाटात डिरेलर आऱ्यांत घुसतो आणि पुढचा प्रवास टेम्पोतून.

सामान आठ किलोच्या वर नको, आणि ते पाठीवरच्या सॅकमध्ये तर मुळीच नको. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या दोन पिशव्या, जितक्या खाली तितक्या बऱ्या. पिशवीचा बंद आऱ्यांत जात नाही ना, ते सायकल हलवून पाहा.

पाणी दोन लिटर. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही आणि पोटऱ्या वळतात. एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, त्यात संत्रं पिळलं तर चांगलंच. मोथ्यात गवळ्यांकडची रबडी मिळते. ती परतताना खा, चढताना पोट जड नको.

चढ माणसाला दमवतो, पण अपघात उतारावर होतात. नव्वद किलोचं वजन सातशे मीटर खाली आणताना साधारण सहा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दोन लिटर पाण्याला उकळी आणायला जेवढी लागते तेवढी. वेगात असलो की बरीचशी हवा खाते. ब्रेक सतत हलका दाबून हळूहळू उतरलं की जवळजवळ सगळी रिममध्ये जाते. नवखे भीतीपोटी हेच करतात. रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, जुन्या पंक्चरचं सोल्युशन मऊ पडतं आणि ठिगळ सरकतं. त्यामुळे सरळ पट्ट्यात सायकल थोडी सुटू द्यायची, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग पाडायचा, आणि वळणात ब्रेक सोडलेला. दर चार-पाच किमीला थांबून ओलं बोट रिमला लावा. चर्र झालं तर दहा मिनिटं बसा. डिस्क ब्रेक असेल तर तिथं बोट लावू नका, भाजेल.

पावसात धुकं उतरलं की गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियमच्या रिमवर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ब्रेकचं रबर नुसतं पाणी पुसतं, पकड त्यानंतर येते, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक लावून रिम कोरडी करून घ्यायची. काळ्या सायकलच्या क्रोमच्या रिमवर मात्र दांड्याचा ब्रेक ओला झाला की नसल्यातच जमा. ती पावसात घाटातून चालवत उतरवू नका, हातात धरून उतरा. वर खालच्यापेक्षा चार-पाच अंश थंडी असते आणि घामानं भिजलेल्या अंगाला उतारावर वारा झोंबतो, बोटं बधिर होऊन ब्रेक नीट दाबला जात नाही. शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा एक जाड थर ठेवला की जॅकेटची गरज भासत नाही.

पंक्चर बहुतेक बाभळीच्या काट्यानं होतं, तेही घाटात नाही, तर खालच्या गावांत, जिथं कुंपणाच्या फांद्या बैलगाडीतून वाहतात. ट्यूब बदलली आणि पाच मिनिटांत पुन्हा हवा गेली, तर काटा टायरमध्येच आहे. म्हणून गावातला पंक्चरवाला आधी विचारतो, “भाऊ, काटा काढला का?” काट्याचं टोक टायरच्या आत जेमतेम मिलिमीटरभर राहतं, डोळ्याला दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथं तंतू अडकतील तिथं काटा. कापूस तर आपल्याकडे बांधावर मिळतो.

आणि पाऊस झाल्यावर शेताची वाट धरायची नाही, कितीही जवळची वाटो. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरते, वर पऱ्हाटीचे तुकडे मिसळतात आणि चाक सिमेंटमध्ये रोवल्यासारखं थांबतं. पाण्यानं ती निघत नाही, सायकल उलटी करून काडीनं खरवडावी लागते.

घरी आल्यावर ब्रेकची रबरं काढून उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर ते रिमचे आहेत. सुईनं एकेक उपसा, नाहीतर पुढच्या खेपेला तेच रिमवर चर पाडतात.