काठिण्यपातळी कोणी ठरवायची?

आज दुपारी इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, भाच्याने ‘सेलेस्ट’ हा कडे चढण्याचा २०१८ सालचा व्हिडिओ गेम लावला आणि संधिवाताने बोटे आखडलेल्या माझ्या आईच्या हाती कंट्रोलर दिला. एकाच कड्यावरून कितीतरी वेळा पडल्यावर “मला नाही जमायचं रे” म्हणत तिने तो खाली ठेवला. तेव्हा त्याने ‘असिस्ट मोड’ ही खेळ सोपा करण्याची सोय सुरू करून खेळाचा वेग सत्तर टक्क्यांवर आणला आणि कड्याला धरून राहण्याची शक्ती अमर्याद केली. उड्या मात्र तिलाच माराव्या लागल्या.

खेळ सुरू होण्याआधीच ‘सोपे, मध्यम की कठीण’ असे विचारणे मला अन्यायाचे वाटते, कारण खेळ हाताळलेलाच नसताना उत्तर कशाच्या आधारे द्यायचे? शिवाय अडचण प्रत्येकाची वेगळी असते. आईला कोडे पटकन उमगते, बोटे साथ देत नाहीत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये (२०२०) शत्रू, सोबती आणि साधनसामग्री यांची पातळी स्वतंत्रपणे बदलता येते, ती रचना मला अधिक समंजस वाटते.

‘सेकिरो’सारख्या (२०१९) खेळात असा पर्यायच नाही. सर्वांनी एकाच आव्हानाला सामोरे जावे, ही भूमिका मी समजू शकते. परंतु आखडलेल्या बोटांसाठी ते आव्हान एकच कसे राहील? ‘सेलेस्ट’ मूळ खेळ कठीण ठेवण्यामागचा हेतू आधी सांगतो आणि मगच सवलत देतो, हे मला फार आवडले.

संध्याकाळी आईने वेग स्वतःहून ऐंशीवर नेला.