हर्णै: किल्ल्याकडे पाठ करून

दापोलीहून हर्णैला गेलेल्या बहुतेकांच्या कॅमेऱ्यात एक फोटो हमखास सापडतो: समुद्रातला सुवर्णदुर्ग आणि मावळतीचा सूर्य. फोटो देखणाच येतो. पण त्यात हर्णैची माणसं कुठे आहेत? इथली गोष्ट सांगायची तर किल्ल्याकडे पाठ करून मासळीच्या लिलावात शिरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आधी किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग या छोट्या किल्ल्यावर चढलो. नांगरलेल्या होड्या, किनाऱ्यावरची गर्दी, सगळं बंदर तिथून एका नजरेत येतं. बघणाऱ्याला आपण कुठे आलोय ते कळावं म्हणून असा एक फोटो सुरुवातीला लागतोच. मग खाली उतरून ३५ एमएमची लेन्स लावली. या लेन्सने माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की बोलावंही लागतं.

होड्यांमधली मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरल्या होत्या. शटर १/१५ सेकंदाइतकं संथ केलं आणि मागचं सगळं धूसर व्हावं म्हणून गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, तेव्हा कुठे बैलांचा जोर फोटोत उतरला.

वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग आणि भोवती बायकांचं कडं. "मावशी, फोटो काढू का?"

"माझा कशाला? सुरमईचा काढ, भाव तिला आहे!"

मी त्यांच्या हातांचा काढला. हिरव्या बांगड्या, अंगठ्याला चिकटलेले खवले, मुठीत ओल्या नोटा. बोली चढली तशी मूठ आवळत गेली, आणि ढीग दुसरीच्या पाटीत गेला तेव्हा ती सैल पडली. चेहरा न दाखवताही त्या दोन फोटोंत अख्खा व्यवहार आला.

मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं टिपणारे छायाचित्रकार सुधारक ओलवे (२०१६ सालचे पद्मश्री) मला इथे फार आठवले. कष्टकऱ्याकडे त्याच्या कामासकट, मान राखून कसं बघावं, हे मी त्यांच्या फोटोंतून शिकलो.

रात्री दापोलीत फोटो क्रमाने लावले: होडी, गाडी, ढीग, मूठ, बर्फ, टेम्पो. सुवर्णदुर्गाचा सगळ्यात सुंदर फोटो बाहेर काढला, कारण तो आला की गोष्ट थांबत होती.

मावशींनी प्रिंट मागितली आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून निवडही त्यांनीच केली: आवळलेल्या मुठीची.